मोबाईलवर सगळं मिळतं, तर वाचनालयाची आतली खोली रिकामी करायची का?

पारावरचा

मंडळी, प्रश्न तात्त्विक वाटेल, पण आमच्याकडे तो थेट विषयपत्रिकेवर आला आहे. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, सरकारी अनुदानाच्या वर्गवारीत ब वर्ग, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं. मी कार्यकारिणीवर आहे. येत्या बैठकीत ठराव येतोय: आतली खोली रिकामी करायची, तिथली जुनी पुस्तकं आणि बांधीव अंक निर्लेखित करून, म्हणजे दप्तरातून कमी करून, रद्दीत घालायचे, त्या जागी चाळीस खुर्च्यांची अभ्यासिका आणि चार टॅब ठेवून 'ई-वाचनालय' सुरू करायचं.

ठराव मांडणारे आमचे चिटणीस काही पुस्तकांचे वैरी नाहीत. त्यांचं म्हणणं असं की त्या खोलीत ग्रंथपालाशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. देवघेवीत फिरतात ती बाहेरच्या दोन कपाटांतली पुस्तकं. वाळवीच्या औषधाला दरवर्षी पैसे जातात. आणि 'आज काय हवं ते गुगलवर मिळतं.'

यातलं शेवटचं वाक्य मला खटकतं, बाकीचं खरं आहे. सभासदांमध्ये साठी ओलांडलेले आणि शाळेतली पोरं, मधलं वय गायब. अनुदान वाढलं म्हणतात, तरी ग्रंथपालाचा पगार चारचौघांत सांगायची लाज वाटते.

तर डिजिटल पुस्तकांनी आणि ऑनलाइन शोधानं वाचनालयाची जागा खरंच घेतली आहे, की घेतली असं आपल्याला वाटतंय? जुन्या पुस्तकांच्या वासावर लिहिणाऱ्यांना आधीच नमस्कार. बैठकीत वास चालत नाही.

तिरकस

वास गेला म्हणजे धाग्याचे निम्मे प्रतिसाद गेले. आता बघू कोण उरतं ते.

पैलतीर

मी न्यू जर्सीत असते, त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे: माझ्यापुरती घेतली. पूर्वी भारतातून येताना बॅगेत चकली ठेवायची की कादंबरी, हा वाद व्हायचा. आता मराठी ई-पुस्तक रात्री दोन वाजता विकत घेता येतं, आणि गाडी चालवताना कथा ऐकता येतात. मराठी ऑडिओ पुस्तकं नसती तर गेल्या काही वर्षांतलं माझं निम्मं वाचन झालंच नसतं.

पण मिळतं काय? जे आधीच खपतं ते. गाजलेल्या कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद, 'श्रीमंत कसे व्हाल' छापाची पुस्तकं. साठच्या दशकातली एखादी दुय्यम लेखिका शोधायला जा, हाती भोपळा.

इकडच्या लायब्ररीचंही सांगते, कारण 'अमेरिकेत तर सगळं डिजिटल झालंय' हे वाक्य तुमच्या बैठकीत येणारच. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला २०१३ मध्ये एकही छापील पुस्तक नसलेलं सार्वजनिक ग्रंथालय निघालं आणि ते चालतं. पण त्याच्या आधी, २००२ साली, ॲरिझोनातल्या टूसॉनच्या एका शाखेनं हाच प्रयोग केला होता. तिथे वाचकांच्या मागणीवरून पुढे पुस्तकं आणावी लागली. दुसरं म्हणजे ई-पुस्तक लायब्ररीच्या मालकीचं नसतं, परवाना असतो. हार्परकॉलिन्सनं २०११ मध्ये नियम काढला की एक ई-प्रत २६ वेळा दिली की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. छापील पुस्तक २६ वेळा दिल्यावर फार तर शिवायला टाकतात.

खरडवही

पैलतीर, मालकीच्या मुद्द्याला +१. २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती, हक्कांचा घोळ होता म्हणून. त्यात '१९८४' सुद्धा होतं, सरकार जुन्या नोंदी पुसून टाकतं ती कादंबरी, म्हणजे विनोद आपण करायची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली.

आणि 'ऑनलाइन आहे म्हणजे सुरक्षित आहे' हेही सोडा. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला, ऑनलाइन सूची पुन्हा दिसायला जानेवारी उजाडला. इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं नेटवर वाचायला देणारं संकेतस्थळ, ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दिवस बंद होतं. त्याच्या आदल्याच महिन्यात ते प्रकाशकांविरुद्धचं अपील हरले होते. त्या खटल्यापायी सुमारे पाच लाख पुस्तकं उधारीच्या यादीतून काढावी लागली.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. मराठीत 'गुगलवर मिळतं' हे तांत्रिकदृष्ट्याच अर्धं खोटं आहे. शोधयंत्राला अक्षरं लागतात. आपली बहुतेक जुनी पुस्तकं नेटवर आहेत ती पानांचे फोटो म्हणून. भारत सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेली हजारो पुस्तकं आर्काइव्हवर सापडतात. त्यांच्या नावाआधी २०१५ चा लांबलचक क्रमांक, शीर्षक वेड्यावाकड्या रोमनमध्ये, मध्येच पान गायब, कुठे पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. म्हणजे पुस्तक आहे, पण ते आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल तरच सापडेल.

ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेणं, करू म्हणाल तर तेही बघा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'काही' नाही, 'कांहीं' आहे. 'घरात' नाही, 'घरांत' आहे. एकोणिसाव्या शतकात गेलात तर 'म्हणून'च्या जागी 'ह्मणून'. ओसीआर त्यातले निम्मे अनुस्वार खातं, उरलेले भलत्या अक्षरावर बसवतं. तुम्ही आजच्या लेखनात शब्द टाकता आणि यंत्र शांतपणे सांगतं, निकाल शून्य. नव्वदच्या दशकातलं संगणकावर जुळवलेलं पुस्तक तरी शोधता येईल म्हणावं, तर ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. पीडीएफमधून मजकूर उचलला की रोमन अक्षरांची भेळ हातात येते.

तिरकस

म्हणजे चिटणीसांना सांगायचं काय? 'गुगलवर मिळतं, फक्त अनुस्वार लक्षात ठेवा'?

स्पर्धाग्रस्त

मी विरुद्ध पक्षाचा. एमपीएससी करतोय, गेली काही वर्षं वाचनालयाच्या अभ्यासिकेतच असतो. घरी दोन खोल्यांत पाच माणसं, टीव्ही चालू. पुण्यातल्या पेठेतल्या खाजगी अभ्यासिकेचे पैसे परवडले नाहीत म्हणून गावी परत आलो.

खरं सांगायचं तर आम्ही तुमच्या कपाटातलं एकही पुस्तक काढत नाही. आमची पुस्तकं आमची असतात, नोट्स टेलिग्रामवर, चालू घडामोडी यूट्यूबवर. आम्हाला हवं ते टेबल, पंखा, वाय-फाय आणि रात्री दहापर्यंत दार उघडं ठेवणारा माणूस. पण आमच्या वाचनालयाचं वीजबिल आमच्या महिन्याच्या फीमधून भरलं जातं, हेही लक्षात घ्या. अभ्यासिकेला नाकं मुरडणाऱ्या ज्येष्ठांची वर्गणी किती आहे ते एकदा बघा.

पारावरचा

स्पर्धाग्रस्त, नाक कुणी मुरडत नाहीये. अभ्यासिका हवीच आहे. प्रश्न एवढाच की त्यासाठी आतली खोली रद्दीत घालायची का.

मोडीत_काढलेला

आतल्या खोलीत नेमकं काय आहे, हे धाग्यात अजून आलेलंच नाही. बांधीव अंक कुठले? स्थानिक साप्ताहिक आहे का? जिल्हा वार्तापत्रं, साखर कारखान्यांचे अहवाल, संमेलनांच्या स्मरणिका?

विचारतोय कारण मी १९७२ च्या दुष्काळावर काम करतो. सरकारी अहवाल मिळतात, मुंबई-पुण्याची दैनिकं थोडीफार मिळतात. पण कुठल्या गावाच्या कुठल्या पाझर तलावावर किती माणसं खडी फोडत होती आणि मजुरी किती आठवडे थकली होती, हे मला एका तालुक्याच्या वाचनालयात स्थानिक साप्ताहिकाच्या बांधीव फायलीत सापडलं. चार पानी साप्ताहिक. पहिल्या पानावर आमदारांचं भाषण, तिसऱ्यावर ज्वारीचे भाव, आणि खाली कोपऱ्यात सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटलेल्या पौष्टिक पिठाच्या, वाटपाबद्दल एका वाचकाचं तक्रारपत्र: पोती आली किती, वाटली किती, गावागावांचा हिशेब मांडलेला. असलं पत्र कुठला अहवाल छापणार? ती फाईल नेटवर नाही. दुसरी प्रत कुठे आहे का, म्हणून मी अजून शोधतोय. मालकाच्या घरची प्रत वाळवीनं खाल्ली.

मोठ्या संस्थांचं बरं चाललंय. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं 'ग्रंथसंजीवनी' या आपल्या संकेतस्थळावर बरंच चढवलं, केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश तर घरबसल्या वाचता येतात. ज्याची प्रत चार ठिकाणी आहे तेच स्कॅन होतं, आणि ज्याची प्रत एकाच ठिकाणी आहे ते रद्दीत जातं, ही आपली तऱ्हा आहे.

पैलतीर

पण कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारी ग्रंथालयात जाते ना? मग एकुलती एक प्रत तालुक्याला कशी उरेल?

सूचिपत्र

पैलतीरताई, कायदा आहे, १९५४ चा. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, अशा चार ठिकाणी प्रकाशकानं स्वखर्चानं प्रत पाठवायची. पाठवतो कोण? मोठे प्रकाशक पाठवतात. स्वतःच्या पैशानं कवितासंग्रह काढणारे, गावचा इतिहास छापणारे निवृत्त मास्तर, यांना कायदा असल्याचंच ठाऊक नसतं. ती प्रत येते गावच्या वाचनालयाला, 'सप्रेम भेट' लिहून.

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर पुढे सरका.

'शोध' ही गोष्ट कपाटाच्या आधी सूचीत होते, आणि सूची माणूस करतो. शं. ग. दाते यांनी मराठी ग्रंथसूची केली, आधी १८०० ते १९३७ आणि मग १९५० पर्यंतची. हातात पुस्तक घेऊन, नोंद तपासून, विषयवार लावून. आजही जुन्या मराठी पुस्तकाबद्दल शंका आली की जाणकार दात्यांची सूची उघडतो. गुगल तुम्हाला विचारलेलंच देतो. सूचीत शेजारची नोंद दिसते, आणि कामाची पुष्कळदा तीच असते.

काउंटरवरही तेच. बाई येतात, म्हणतात, "ते निळ्या कव्हरचं, त्यात सून विहिरीत जीव देते आणि शेवटी वाचते, ते द्या." हे शोधयंत्रात टाकून बघा. मुलगी येते, बारावीची, तिला काहीतरी 'वेगळं' हवं असतं, पण काय वेगळं ते सांगता येत नाही. तिला काय द्यायचं हे तिनं आधी काय परत केलं आणि किती दिवसांत केलं, त्यावरून कळतं. ॲपही हेच करतं म्हणतील आजची मुलं. करतं, पण त्याला विकायचं असतं.

आता आमची बाजूही सांगते. आमच्यातले कितीतरी ग्रंथपाल पुस्तकावर नाग बसावा तसे बसले. मुक्तद्वार ठेवलं नाही, वाचकाला कपाटापर्यंत येऊच दिलं नाही, खिडकीतून चिठ्ठी घ्यायची आणि 'बाहेर गेलंय' म्हणायचं. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे पण कपाटात नाही, कपाटात आहे पण नोंदवहीत नाही. वर्ग टिकवायचा म्हणून मार्चअखेरीला सवलतीत मिळेल ते विकत घेऊन संख्या भरायची. पाककृती आणि राशिभविष्यांचे गठ्ठे अशानं साठले. तुमच्या आतल्या खोलीत हे सगळं असणार. ते जाऊ दे, खुशाल जाऊ दे. सगळंच वाचवायला निघालात तर काहीच वाचणार नाही.

आवाजी

दृष्टिहीन वाचकाची बाजू कुणी मांडेल म्हणून थांबलो होतो, आता मीच लिहितो. लहानपणी वाचनालय म्हणजे माझ्यासाठी चार भिंती होत्या, हजारो पुस्तकांपैकी एकही मला उघडत नव्हतं. डिजिटलनं मला वाचक केलं. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात आमच्यासाठी सुलभ स्वरूपातली प्रत करायची मुभा आली, २०१६ मध्ये आमच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, 'सुगम्य पुस्तकालय', सुरू झालं. तेव्हा छापील पुस्तकाबद्दल मला उमाळा येत नाही, माफ करा.

पण खरडवहींनी म्हटलं ते माझ्या बाबतीत दुप्पट खरं. स्कॅन केलेली पीडीएफ माझ्यासाठी कोरी. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर 'इमेज' म्हणतो आणि गप्प बसतो. स्कॅन करून ठेवलं की काम झालं असं समजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. मजकूर कुणीतरी वाचून, दुरुस्त करून द्यावा लागतो. आमच्या गटात हे काम निवृत्त शिक्षिका करतात, आणि त्यांना मूळ प्रत लागते. ती त्या वाचनालयातूनच आणतात.

माजघर

मुलांचा मुद्दा राहिला. माझ्या लेकाला टॅबवर हवी ती पुस्तकं आहेत, सुरुवातीची चार पानं वाचतो आणि खेळावर जातो. सोसायटीतल्या बायकांनी मिळून छोटं वाचनालय केलंय, शनिवारी संध्याकाळी तासभर. तिथे तो दुसऱ्या मुलानं काय नेलं ते बघतो आणि हट्टानं तेच नेतो. वाचनसंस्कार वगैरे नाही हो, शुद्ध ईर्षा. पण वाचतो.

दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ पासून, म्हणजे 'मनोरंजन'च्या अंकापासून ही परंपरा आहे म्हणतात. घरटी दोन-तीन अंकांच्या वर कोण घेतं? वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेतच लोक तीस-चाळीस वाचतात. या अंकांच्या ई-आवृत्त्या निघतात, पण विकत घेणारे मला अजून भेटायचेत.

खरडवही

कायद्याबद्दल एक प्रश्न. पारावरच्यांनी खोलीतलं सरसकट स्कॅन करून नेटवर टाकायचं म्हटलं तर चालेल का?

मोडीत_काढलेला

नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, पुढच्या वर्षाच्या जानेवारीपासून मोजून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून मोकळं. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले, म्हणजे २०४७ संपेपर्यंत थांबा. या दोघांची चिंता नाही, त्यांची पुस्तकं दुकानात मिळतात. चिंता मधल्यांची: लेखक १९७५ मध्ये वारले, प्रकाशन बंद पडलं, वारस कोण ते ठाऊक नाही. छापायला कुणी तयार नाही आणि नेटवर टाकायला कायद्यानं परवानगी नाही. मराठीतलं फार मोठं लेखन या खड्ड्यात आहे. आणखी कित्येक वर्षं ते वाचायचं तर कुठल्यातरी कपाटासमोर उभं राहूनच.

मात्र जतन करण्यासाठी सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालय स्वतःकडच्या छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवू शकतं. तीही २०१२ चीच दुरुस्ती. नेटवर फुकट वाटायला मोकळीक नाही, पण प्रत वाचते.

तिरकस

चला, चेष्टा बाजूला. चिटणीस विचारणार, 'स्कॅन कोण करणार आणि पैसे कुठून?' याचं उत्तर नसेल तर वरचे सगळे प्रतिसाद रद्दी. ई-रद्दी फार तर.

सूचिपत्र

स्कॅन नंतर. आधी निवड, आणि तिला पैसे नाही, वेळ लागतो.

पारावरचा, ठरावातून 'निर्लेखन' आणि 'स्थलांतर' हे दोन शब्द वेगळे करा. एकदा निर्लेखनाची यादी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून मंजूर होऊन आली की रद्दीवाल्याला कुणी अडवू शकत नाही. म्हणून यादी ढीगानं करू नका. दाखल नोंदवही घेऊन बसा आणि खोलीतलं प्रत्येक पुस्तक तीन ठिकाणी बघा: ते बाजारात मिळतं का, नेटवर पूर्ण आणि वाचता येईल असं आहे का, आणि जवळच्या अ वर्ग किंवा जिल्हा ग्रंथालयात आहे का. तीनपैकी एक 'हो' आलं आणि वर्षानुवर्षं कुणी नेलं नसेल, तर बाद करायला माझी हरकत नाही. तिन्ही 'नाही' आलं तर त्याला हात लावायचा नाही. माझ्या अनुभवात अशी पुस्तकं खोलीभर निघत नाहीत, दोन कपाटं निघतात. दोन कपाटं भिंतीला लावून चाळीसच्या जागी छत्तीस खुर्च्या बसतील.

स्थानिक साप्ताहिकं, स्मरणिका, गावचे इतिहास आणि 'सप्रेम भेट'वाली पुस्तकं यांना मात्र ही परीक्षाही नको. ती ठेवायचीच.

स्पर्धाग्रस्त

छत्तीस खुर्च्या चालतील. आणि नोंदवहीतली नावं संगणकावर चढवायचं काम अभ्यासिकेतल्या मुलांना द्या, बदल्यात एका महिन्याची फी माफ करा. आमच्याकडे ई-ग्रंथालय सॉफ्टवेअरवर असंच चढवलं. टायपिंगची परीक्षा अनेकांना द्यायचीच असते, मराठी टायपिंगचा सराव होतो.

खरडवही

हे झकास. सूची युनिकोडमध्ये नेटवर टाका, पुस्तक टाकता आलं नाही तरी. नाव, लेखक, वर्ष, आणि 'इथे प्रत आहे' एवढंच. शीर्षक मूळ छपाईत जसं आहे तसं लिहा आणि शेजारच्या रकान्यात आजच्या लेखनात, म्हणजे दोन्हीनं सापडेल. मग संशोधक गुगल करेल आणि गुगल त्याला तुमच्या गावाला पाठवेल.

स्कॅनसाठी मोठं यंत्र लागत नाही. मोबाईलचा स्टँड, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, आणि बांधीव फाईल सपाट दाबायची नाही, व्ही आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडी ठेवायची. शिवण उसवून सुटी पानं स्कॅन करू असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आवाजी

आणि टॅब घेणार असाल तर त्यातल्या एकावर मराठी वाचून दाखवणारा आवाज आधी तपासून घ्या. हेडफोनसकट. घेताना कुणी बघत नाही, आणि मग 'अंध वाचकांसाठी सोय' ही पाटी लावून तो कपाटात राहतो.

पारावरचा

सगळ्यांचे आभार. आज चिटणीसांशी बोललो. तीन ठिकाणी तपासायची अट त्यांना पटली, आवडली नाही. बैठक एक महिना पुढे ढकलली आहे, तोवर नोंदवही चढवून घ्यायची. फीमाफीचा मुद्दा खजिनदारांकडे अडकलाय, सुटेल. टॅब चारऐवजी दोन, उरलेल्या पैशात स्टँड आणि दिवे.

मोडीत_काढलेला, तुमच्यासाठी: खोली उघडून बघितली. साप्ताहिक आहे. १९६८ ते १९८१, मधली दोन वर्षं गायब, पण १९७२ आणि ७३ च्या फायली शाबूत आहेत, कडेनं थोड्या कुरतडलेल्या. यायचं तर सकाळी अकराच्या आत या, दुपारी ग्रंथपाल जेवायला जातात आणि किल्ली त्यांच्याकडेच असते.

मोडीत_काढलेला

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. रद्दीवाल्याच्या आधी माझा नंबर.